सहा पिनांची वायर

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. भावाला माहीत नाही. घोडेगावात दुकान टाकून मला तेवीस वर्षं झाली. रोज संध्याकाळी समोरच्या चहावाल्यापाशी आम्ही चार टाळकी बसतो, साऱ्या तालुक्याच्या उखाळ्यापाखाळ्या काढतो — तिथंही ही कधी निघाली नाही. निघणार कशी? ती ठाऊक असलेला माणूस एकच, आणि तो मी.

तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट सांगता यायचं नाही. थकलोय, एवढंच. वयानं नाही, पन्नाशी आत्ता कुठं ओलांडली. पण एकच खोटं रोज सांभाळायचं, त्यालाही कष्ट पडतात हो. ते कष्ट कुणाला दिसत नाहीत, म्हणून जरा टेका असंही कुणी म्हणत नाही.

आज माझ्या दुकानात आलात तर दाखले, उतारे, झेरॉक्स आणि फॉर्म भरायला आलेली माणसं दिसतील. तेव्हा, आठ-नऊ वर्षांपूर्वी, तसं नव्हतं. तेव्हा मी कॉम्प्युटरचा डॉक्टर होतो. लोकच म्हणायचे. पतसंस्था, शाळा, दवाखाना, कुणाचाही डबा बंद पडला की माझ्या टेबलावर यायचा. मी शिकलो कुठं? मंचरला सहा महिन्यांचा एक कोर्स, बाकी सगळं हातानं. उघडायचं, बघायचं, बिघडवायचं, परत जोडायचं. कुणी न शिकवता आलेल्या कामाचा माज वेगळाच असतो. पदवीवाल्याला निदान माहीत असतं की आपल्याला अमुक एक धडा येत नाही. आम्हाला धडेच माहीत नसतात, मग न येणारं काही आहे हे कळायचं कसं?

हे आधी सांगतोय कारण पुढं लागेल. की उगाच लांबवतोय? असेलही.

मनीषा ही महाळुंगे पडवळची सून. माहेर पेठचं. तिचा नवरा संतोष पिकअप चालवायचा, शेतकऱ्यांची तरकारी बाजाराला न्यायचा. माझी त्याची जुनी ओळख, म्हणून तिला मी वहिनी म्हणायचो. लग्नाआधी तिनं आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. घरांचे नकाशे काढायचा. लग्न झाल्यावर शिक्षण पेटीत गेलं, बहुतेकींचं जातं तसं. पण धाकट्या दिरानं पुण्याला नोकरी लागल्यावर लॅपटॉप घेतला आणि त्याचा जुना डेस्कटॉप घरी पडून राहिला. त्यावर ही बसायला लागली. मंचरच्या एका इंजिनिअरनं तिला काम द्यायला सुरुवात केली. त्यानं हातानं काढलेली आकृती ही कॉम्प्युटरवर नीट काढून द्यायची. स्वयंपाक, गोठा, रानातलं काम उरकून दुपारी दोन तास बसायची. तिच्या रेघा म्हणे फार स्वच्छ असायच्या.

सासरे आप्पा. तालमीतलं शरीर, बोलणं कमी. सुनेनं मशीनवर बसणं त्यांना पहिल्यांदा रुचलं नव्हतं. पण एकदा त्यांच्याच भावकीतल्या कुणाच्या बंगल्याचा नकाशा हिनं काढला आणि भूमिपूजनाला त्या माणसानं चार लोकांत सांगितलं, नकाशा आप्पांच्या सुनेचा. त्या दिवसापासून दुपारी कुणी पाव्हणा आला की आप्पाच म्हणायचे, "हळू बोला. आत काम चाललंय."

हे मला संतोषनं सांगितलं होतं. मला माहीत होतं. ती खोली तिला कशी मिळाली होती, हे मला चांगलं माहीत होतं.

मग लोकांना थ्रीडी पाहिजे झालं. पांढऱ्या कागदावरच्या रेघा कुणाला कळत नाहीत. बंगला बांधायच्या आधी तो दिसला पाहिजे — रंगासकट, पायऱ्यांसकट, दारातल्या तुळशीसकट. इंजिनिअर म्हणाला, ताई, तुम्ही हे शिकलात तर सगळं काम तुम्हालाच देतो. ती शिकली. व्हिडिओ बघून बघून शिकली. पण तो डबा जुना, मेमरी दोन जीबीची. एक चित्र करायला घ्यावं तर स्क्रीन गोठून जायचा, केलेलं सगळं पुसलं जायचं. तेव्हा ती माझ्याकडं आली. संतोषच्या पिकअपमधून, डबा चादरीत गुंडाळून.

मी म्हणालो, मेमरी वाढवू, ग्राफिक्स कार्ड टाकू, घोडा होईल. नवा घ्यायची गरज नाही. हे खरंच होतं. जुन्या मशीनला अशानं दोन-तीन वर्षं आरामात मिळतात. मी पुण्याहून चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या आणि नवंकोरं कार्ड मागवलं. कार्डाचं खोकं तिनं येऊन स्वतःच्या हातानं फोडलं. नव्या वस्तूचा वास घेतला.

जोडणी करताना ती काउंटरच्या आत येऊन उभी राहिली. सहसा गिऱ्हाईक बाहेर बाकावर बसतं, मोबाइल बघत. ही बघत होती, विचारत होती. पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं का पुसायचे? डब्याच्या पत्र्याला आधी हात का लावायचा? मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कुणी विचारतंय आणि आपल्याला सांगता येतंय, यात सुख असतं. मीच तिला झाकणाचे दोन स्क्रू दाखवले. म्हणालो, तुमच्या घरी रस्त्याची माती येते, महिन्यातून एकदा झाकण काढायचं, बटण बंद करून, मऊ ब्रशनं धूळ झाडायची. तिनं स्वतः एकदा झाकण काढून लावून बघितलं.

हे लक्षात ठेवा. धूळ झाडायला मी सांगितलं होतं.

दोन्ही पट्ट्या बसल्या. कार्ड बसलं. आता कार्डाला वीज द्यायची. त्या कार्डाला वेगळी, सहा पिनांची वायर लागायची, आणि जुन्या पॉवर सप्लायला तशी वायरच नव्हती. नीट करायचं तर सप्लायच बदलायला हवा होता. जास्त ताकदीचा सप्लाय माझ्याकडं त्या दिवशी नव्हता. म्हणजे पुन्हा पुण्याला सांगायचं, दोन-तीन दिवस जायचे. मी खोक्यात हात घातला, एक जोडवायर सापडली. एका बाजूला जुनं टोक, दुसऱ्या बाजूला सहा पिना. कुठल्यातरी स्वस्त मालाबरोबर आलेली. लावली.

मनीषा कार्डाचं खोकं हातात घेऊन वाचत होती. म्हणाली, "भाऊ, यावर लिहिलंय कमीत कमी पाचशे वॉटचा सप्लाय पायजे. आपल्या डब्यावर तर तीनशे लिहिलंय."

मी म्हणालो, "चालतं ते."

"आन् ही वायर लई बारीक वाटत्ये. गरम न्हाई व्हायची?"

दुकानात तेव्हा आणखी दोघं होते, तहसीलच्या कामाला आलेले, माझ्या ओळखीचे. त्यातला एक मोठ्यानं हसला. म्हणाला, "राव, आता वहिनीच दुकान चालवत्यात बघा! तुमी बसा बाकड्यावर."

साधी गंमत. दुसऱ्या कुणी ऐकली असती तर विसरला असता. मला ती कानशिलावर बसली. का? — कारण मनीषा बरोबर बोलत होती. ती वायर बारीक आहे हे मलाही दिसत होतं. सप्लाय कमी पडेल हे मला ती बोलायच्या आधी माहीत होतं. मी नुसतं म्हणायला हवं होतं, वहिनी, खरंय, दोन दिवस थांबा. एवढ्यानं काय झालं असतं? काही नाही. ते दोघं आणखी एकदा हसले असते.

मी म्हणालो, "वहिनी, खोक्यावर काय, काहीही छापतात कंपन्या. आम्ही पंधरा वर्षं हेच करतोय."

ती म्हणाली, "बरं. तुमाला म्हाईत."

मशीन सुरू झालं. आणि झकास चाललं, तेही सांगायला पाहिजे. तिनं पेनड्राइव्हवर एका बंगल्याचं चित्र आणलं होतं. ते उघडलं, माउसनं फिरवलं, आणि बंगला लोण्यासारखा गर्रकन फिरला — मागची बाजू, गच्ची, पायऱ्या. ती तोंडावर हात ठेवून हसली. म्हणाली, भाऊ, तुमच्यामुळं झालं. मी त्या दोघांकडं बघितलं. बघा, म्हणालो नाही, पण बघितलं तसंच.

बारा दिवस ते चाललं.

तेराव्या दिवशी दुपारी संतोषचा फोन आला. घरी ये, कॉम्प्युटर पेटला. मी मोटरसायकल काढली. महाळुंग्यापर्यंतच्या वाटेवर मी काय विचार करत होतो? कुणाला लागलं असेल का, असा? नाही. मी म्हणत होतो, वायर नसू दे. दुसरं काही असू दे. शॉर्ट सर्किट असू दे, उंदीर असू दे, वायर नसू दे.

खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा वास भरला होता. टेबलावरचं कापड अर्धं जळालेलं, भिंतीवर काळा पट्टा, खिडकीचा पडदा खालून गेलेला. टेबलाशेजारीच खाट होती. तिच्यावर संतोषची तीन वर्षांची मुलगी दुपारची झोपली होती. मनीषानं आधी तिला उचलून बाहेर टाकलं, मग परत आत येऊन प्लग ओढला, गोधडी टाकून आग विझवली. तिच्या कोपराला फोड आला होता. पोरगी आता अंगणात कुणाच्या तरी कडेवर होती आणि रडत होती — आगीला नाही, झोपमोड झाली म्हणून.

आप्पा दारात उभे. संतोष माझ्या मागं. मनीषा भिंतीला टेकून. तिघंही माझ्याकडं बघत होते. मी झाकण काढलं. माझी पाठ त्यांच्याकडं होती.

वायरच होती. सहा पिनांचं टोक कार्डाच्या खोबणीत वितळून चिकटलं होतं, वरचं वेष्टण काळं होऊन गळालं होतं. बाकी सगळं तिच्यापासून पसरत गेलेलं. शिकाऊ पोरालाही कळलं असतं. मी बोटांनी ती खेचली. तुटली, निघाली. ती मी मुठीत धरली आणि रुमाल काढल्यासारखं करून खिशात घातली.

हे मी घाबरून केलं का? लोक म्हणतात, घाबरलं की माणसाच्या हातून काहीही होतं. माझा हात थरथरला नव्हता. एवढंच सांगतो.

आप्पांनी विचारलं, "कशानं झालं रं?"

मी काही बोलायच्या आत मनीषाच म्हणाली, "भाऊ, परवा मी झाकाण काढून धूळ पुसली व्हती. ब्रशनं. त्यानं तर न्हाई ना झालं?"

तिनं स्वतःहून सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. लपवता आलं असतं, पण ज्याला खरं कारण शोधायचंय तो असाच बोलतो. आपल्याला माहीत आहे ते सगळं पुढं ठेवतो. तिला वाटत होतं, आम्ही दोघं मिळून कारण शोधतोय.

आणि मी म्हणालो, "आत हात गेलेला दिसतोय."

हेच ते वाक्य. एवढ्यासाठी तुम्हाला इथवर आणलं. नीट बघा त्याच्याकडं. त्यात कुणाचं नाव नाही. तसं ते खोटंसुद्धा नाही. हात गेलाच होता, माझाही गेला होता. इतक्या सफाईनं मी आयुष्यात दुसरं कुठलंच काम केलं नसेल.

संतोष तिच्याकडं वळला. "कशाला उघडत व्हतीस? तुला काय कळतं त्यातलं? पोरगी व्हती ना शेजारी!"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही हो. वाट बघत. आता भाऊ सांगतील, धूळ काढायला मीच सांगितलं होतं म्हणून. किती वेळ बघितलं असेल? दोन श्वास, तीन. मी पेचकस पुसत होतो. स्वच्छ होता, तरी पुसत होतो. मग तिनं नजर खाली घातली.

आप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडलेलं माणूस विसरतं. ते एवढंच म्हणाले, "ह्ये उद्यापास्नं ह्या घरात नको." आणि बाहेर नातीला घ्यायला गेले.

मी वर आणखी म्हणालो, नवा सप्लाय, नवा बोर्ड, काय लागेल ते मी बसवून देतो, काही घेणार नाही. हे बोललो तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. स्वतःच्याच मोठेपणानं. संतोषनं माझा हात धरला. म्हणाला, "तुझा काय दोष हाय यात? तू कशाला सोसतो?"

वायर मी येताना ओढ्याच्या पुलावरून फेकून दिली.

इथं संपलं असतं तर मी स्वतःला म्हणालो असतो, एका क्षणाला जीभ घसरली. माणूस स्वतःला असं काय काय म्हणतो. पण आठवड्यानं मनीषा दुकानात आली. एकटी. कोपराला पट्टी होती. ती काउंटरच्या आत आली नाही, बाहेरच उभी राहिली.

म्हणाली, "भाऊ, एक इचारू? धूळ पुसल्यानं असं व्हतं का? मी लई वाचलं त्यावर. मला तसं कुठं दिसलं न्हाई."

दुकानात कुणी नव्हतं. हसणारे दोघं नव्हते, आप्पा नव्हते, संतोष नव्हता. ती भांडायला आली नव्हती. वॉटचं तिनं काढलंही नाही. तेव्हा मी बोलले होते ना, असं एका शब्दानं नाही. तिला आठवत नसेल? आठवत होतं. ते मी स्वतःहून काढीन, एवढी जागा तिनं माझ्यासाठी ठेवली होती. आज कळतं, ती मला किती सांभाळून विचारत होती.

मी म्हणालो, "होतं कधी कधी. ब्रश लागतो, एखादं कनेक्शन सैल होतं, तिथं ठिणगी पडते. तुम्ही मुद्दाम थोडीच केलं."

बघा — वर माफीसुद्धा दिली.

ती म्हणाली, "मंग माझंच चुकलं म्हणायचं." तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं त्या वाक्यानंतर. एक 'नाही' हवा होता. मी वहीत काहीतरी लिहायला घेतलं. ती गेली.

त्या वेळी एका पतसंस्थेच्या सगळ्या शाखांच्या मशीनचं काम मला मिळायचं चाललं होतं. माझ्या हातच्या जोडणीनं घर पेटलं, असं बाहेर पसरलं असतं तर ते काम गेलं असतं. बरीच वर्षं मी स्वतःला हेच कारण सांगितलं. बायकापोरांचा घास, वगैरे. पण ते काम पुढं तसंही मिळालं नाही. मग तरी सांगायचं ना? तेव्हा तर काही अडकलेलं नव्हतं. नाही सांगितलं. म्हणजे कारण ते नव्हतंच. एका बाईनं चार लोकांत मला माझं काम सांगितलं आणि ती बरोबर निघाली — हे मला सोसलं नाही. दुसरं काही नाही. किती बारकं आहे ना हे? मोठं पाप असतं तर निदान सांगायला वजन आलं असतं.

पुढं काय झालं, तेही सांगतो. तो डबा भंगारात गेला. इंजिनिअरनं महिनाभर वाट बघितली, मग मंचरमधल्याच कुणाला काम दिलं. मनीषा रानात जायला लागली, आधीही जायचीच, आता दिवसभर. कांद्याच्या दिवसांत बायकांची टोळी घेऊन काटणीला जाते, असं कानावर आलं. त्या खोलीत आता खतांच्या गोण्या असतात. संतोष एकदा चहा पिताना म्हणाला, मोबाइलमधलं काही करायचं असलं तरी ती पोरीला सांगते, तू कर बाई, म्हणते, मी हात लावला तर बिघडल. तो हसत सांगत होता. मी पण हसलो. काय करणार होतो?

एकदा मी खरंच सांगायला गेलो होतो. तीन-चार वर्षं झाली असतील त्याला. सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून, मनाशी वाक्यं जुळवत महाळुंग्याला गेलो. अंगणात आप्पा बसले होते, सोबत कुणी पाव्हणे. मला बघून आप्पा उठले. त्या वयात उठले. पाव्हण्याला म्हणाले, "ह्यो मानूस खरा. आमच्या घरात आग लागली तवा ह्यो धावत आला. काय झालं ते सरळ सांगितलं, आन् वर फुकाट करून देतो म्हनला. न्हाईतर आजकाल कोन कुनाचं असतंय?"

मनीषानं चहा आणला. कप माझ्या हातात दिला. म्हणाली, "साखर बरोबर हाय का, भाऊ?"

मी म्हणालो, बरोबर आहे. चहा प्यालो. इकडून चाललो होतो म्हणून डोकावलो, असं सांगितलं आणि निघालो. वेशीपाशी गाडी उभी करून थोडा वेळ बसलो. म्हणालो, पुन्हा येऊ. आप्पा एकटे असतील तेव्हा येऊ. आप्पा मागच्या वर्षी गेले. दशक्रियेला मी होतो. लोक बोलले त्यांच्याबद्दल, मी नाही बोललो. सुनेच्या हातून नातीला धोका झाला असता, हे मनात घेऊन तो माणूस गेला. तिच्या हातचं जेवत होता, पण ते मनात घेऊन गेला. आता ते कुणी बदलू शकत नाही. मीसुद्धा.

परवा मनीषा दुकानात आली होती. हो, परवाच. कदाचित म्हणूनच तुमच्यापाशी बसलोय.

आप्पांच्या माघारी थोडी जमीन तिच्या नावावर लागली, तर कसल्याशा योजनेची केवायसी करायची होती. त्याला बोट टेकवावं लागतं. काच असते, तिच्यावर बोट ठेवायचं, ठसा जुळला की झालं. तिनं आधी पदराला हात पुसले, मग अंगठा ठेवला. जुळला नाही. पुन्हा ठेवला. नाही. तर्जनी, मधलं बोट, दुसरा हात — यंत्र दर वेळी लाल होऊन आवाज करायचं. मी तिचा हात जवळून बघितला. कांदा काटून काटून बोटांच्या टोकांना चिरा पडलेल्या, कातडी निबर झालेली, रेघा अशा उरल्याच नव्हत्या.

हे रोजचं आहे. रानात राबणाऱ्या निम्म्या बायकांचे ठसे उमटत नाहीत. मी तिला तसं सांगू शकलो असतो.

ती हसली. मनापासून हसली, टोमणा नव्हता. म्हणाली, "बघा ना भाऊ. यंत्राला माझा हातच चालत न्हाई. तुमाला तर ठावंच हाय."

मी ओला रुमाल आणला. एकेक बोट पुसायला सांगितलं. काच पुसली. थोडं थांबून पुन्हा, जरा दाबून, जरा तिरपं. ती निमूट सांगेल ते बोट ठेवत होती. वीस मिनिटं गेली असतील. वीस मिनिटं आम्ही दोघंच होतो, समोरासमोर, मधे ती काच. तिला कसली घाई नव्हती, गाडीला वेळ होता. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. हिरवं झालं.

"झालं का?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

"तुमी हाय म्हणून व्हतं. दुसऱ्यानं हाकलून दिलं असतं." तिनं पावती घडी करून पिशवीत ठेवली, संतोषचा निरोप सांगितला, पायरी उतरली.

मी तिला हाक मारली नाही. बाहेर एक म्हातारा कधीचा थांबला होता, तो आत आला. मी त्याचं आधारकार्ड मागितलं.